शिवदास तायडे यांची दुसरी ओळ

पुण्याहून तो ईमेल आला तेव्हा मी चहात बिस्किट बुडवत होते, आणि वाचता वाचता अर्धं बिस्किट कपात गेलं. एक तारखेपासून आपण सगळे एका मोठ्या कुटुंबात येणार आहोत, म्हणून प्रत्येकाच्या ईमेलखाली सारखीच सिग्नेचर हवी, असं त्यात होतं. पाच ओळी. पहिली नावाची, दुसरी हुद्द्याची, तिसरी विभागाची, चौथी मोबाईलची, पाचवी कंपनीची, आणि शेजारी लोगो. अक्षरं अमुकच निळ्या रंगात. सुविचार नकोत, फुलं नकोत. शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत सगळ्यांनी आपापली सिग्नेचर मंजुरीला पाठवायची. आणि सगळ्यात खाली, जणू काही विशेष नाही अशा थाटात, आणखी एक वाक्य होतं: मंजूर सिग्नेचरवरून स्टाफची यादी तयार होईल, यादीत नसलेले सर्व जण कंत्राटदाराकडे वर्ग होतील.

ईमेलची सिग्नेचर आणि माणसाची नोकरी यांची गाठ कुणाच्या डोक्यातून निघाली, देव जाणे. पण निघाली होती.

आमची कंपनी म्हणजे मुलुंडला एलबीएस रोडच्या आत एका इंडस्ट्रियल इस्टेटमधले तीन गाळे. बॉयलरवर, बर्फाच्या कारखान्यात, जिथे जिथे वाफेचा नाहीतर गॅसचा दाब असतो तिथे घड्याळासारखी गोल तबकडी लावलेली असते आणि तिचा काटा दाब दाखवतो. ती गेज आम्ही बनवतो. मालक परेशभाई. त्यांनी सत्तरी गाठली, मुलगा परदेशातून परत यायचं नाव घेईना, तेव्हा त्यांनी कंपनी पुण्याच्या एका ग्रुपला विकून टाकली. मी किरण घाडीगावकर, परचेसला. परचेसला म्हणजे परचेस, पत्रव्यवहार, रजिस्टरं, प्रिंटरमध्ये अडकलेला कागद आणि परेशभाईंच्या चष्म्याचा शोध. तेव्हा सिग्नेचरचं काम माझ्या गळ्यात पडणार हे ठरलेलंच होतं.

बत्तीस माणसांपैकी ईमेल असलेली नऊ, बाकीच्या कामगारांची यादी वेगळी होणार होती. आठ सिग्नेचरी मंगळवारी दुपारपर्यंत झाल्या. नववे शिवदासभाऊ.

"भाऊ, हुद्दा काय घालू?" मी खुर्चीतूनच विचारलं.

"कुणाचा?"

"तुमचा."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "काय असतो?"

मला हसू आलं. असं कसं, हुद्दा माहीत नाही? मी उठून फाईल काढली. त्यात सत्त्याण्णव सालचं नेमणुकीचं पत्र होतं, टाइपरायटरवर केलेलं, परेशभाईंच्या सहीचं. शिवदास सखाराम तायडे, पॅकर. त्यानंतर दुसरं पत्र नाही. मी फाईल उलटी करून झटकून पाहिली, तरी नाही.

पॅकर! शिवदासभाऊंनी खोक्याला चिकटपट्टी लावलेली मी तरी कधी पाहिली नव्हती.

म्हणजे सुरुवात तिथूनच झाली होती, ते खरं. मेहकर तालुक्यातल्या खेड्यातून बारावी सायन्स करून हा माणूस घाटकोपरला मामाकडे आला आणि आमच्याकडे थर्माकोलच्या खोक्यात गेज भरायला लागला. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी एक गेज भरायला नकार दिला. काटा शून्यावर बसत नाही, म्हणाले. परेशभाई भडकले, तुला भरायला ठेवलाय का बघायला? पण तपासलं तर चाळीसच्या चाळीस नग चुकीचे निघाले, आणि ते निघाले होते एका औषधाच्या कारखान्याला. तेव्हापासून परेशभाई म्हणू लागले, शिवदासला दाखवा. मग तपासणीच्या टेबलावर शिवदास. मग स्टोअरवाले गावी गेले ते आलेच नाहीत, म्हणून स्टोअर शिवदासकडे. मग गिऱ्हाइकाच्या बॉयलरवर जाऊन बघायला कोण? शिवदास. नवं मशीन आलं, पुस्तक जर्मनमध्ये, ते चित्रं बघून लावलं कुणी? ते सांगायला नको.

कामाची त्यांची एक पद्धत आहे. गेज हातात घेतात, करंगळीच्या नखानं काचेवर दोनदा टकटक करतात, काटा कसा हलतो ते बघतात आणि तपासणीच्या मशीनला लावायच्या आधीच सांगतात, हा दोननं जास्त दाखवणार. मशीन नंतर तेच सांगतं. वर्सोव्याला मथुराबाईंचा बर्फाचा कारखाना आहे, होड्यांना बर्फ पुरवतात. त्यांचा मीटर वर्षातून दोनदा आमच्याकडे येतो, मासळीच्या वासासकट, आणि बाई फोनवर माझ्याशी एक अक्षर बोलत नाहीत. "तायडेला दे," एवढंच.

आणि हा माणूस दबणारा म्हणावा तर तसंही नाही. घाटकोपरला त्यांच्या वस्तीतल्या बुद्धविहार समितीचे ते बारा वर्षं सचिव आहेत. गटाराच्या तक्रारीचं त्यांचं पत्र महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात गेलं की तिथले लोक आधी शेवटचं पान बघतात म्हणे. खाली ठसठशीत नाव, त्याखाली 'सचिव', त्यावर गोल शिक्का. तिथे त्यांना आपण कोण हे कुणाला विचारावं लागत नाही. इथे मात्र अठ्ठावीस वर्षांनी दुसऱ्या ओळीशी गाडी अडली.

मी पुण्याला फोन लावला. तिकडे एचआरच्या मृणालिनी मॅडम, आवाजावरून तिशीच्या, बोलायला गोड, पण हातात कागद असल्याशिवाय श्वास न घेणाऱ्या.

"रेकॉर्डप्रमाणे ते पॅकर आहेत," त्या म्हणाल्या. "पॅकर या पदाला ईमेल नसतो."

"पण त्यांना आहे. बारा वर्षं आहे."

"पॅकरला ईमेल का दिला?"

"कारण ते पॅकर नाहीत."

"मग काय आहेत?"

"तेच तर तुम्हाला विचारतेय मी."

मग त्या म्हणाल्या, "किरण मॅडम, मला खरंच मदत करायचीय. हुद्दा लिहिलेला एखादा कागद दाखवा, मी घालते. नाहीतर त्यांचा ईमेल बंद होईल आणि नाव कंत्राटदाराकडच्या यादीत जाईल. पॅकिंग आम्ही सगळीकडे कंत्राटानंच देतो."

मी फोन ठेवला आणि मोठ्यांदा म्हणाले, "एवढी वर्षं तोच पॅकर पुढे ढकलत राहिलेला गाढव कोण आहे, तो एकदा मला भेटू दे." लवू फिटर दारात उभा होता, तो दचकून मागे सरला.

बुधवारी शिवदासभाऊ स्वतःची सिग्नेचर लिहूनच घेऊन आले. अकरा ओळी. स्टोअर, तपासणी, दुरुस्ती, डिस्पॅच, गिऱ्हाइकाकडील भेट, वजनकाट्याची देखभाल, आग विझवण्याच्या सिलिंडरची तारीख बघणे. शेवटून दुसरी ओळ 'पाण्याचा पंप'.

"भाऊ, ही सिग्नेचर आहे की लग्नाची यादी?"

"खोटं एकही नाही त्यात," ते म्हणाले.

"खोटं कोण म्हणतंय? एक ओळ मागितलीय त्यांनी."

"एका ओळीत कसं बसेल?" त्यांना खरंच कळत नव्हतं. मलाही सांगता येत नव्हतं. लवूनं मधे तोंड घातलं, "भाऊ, मॅनेजर लिवा नि गप बसा. कोण इचारतलो?" शिवदासभाऊ त्याच्याकडे असे बघत राहिले, की लवूच गप बसला.

त्याच दुपारी त्यांच्या मुलीचं, चेतनाचं, डिझाइन आलं. चेतना ऐरोलीला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे, तिला हे सगळं येतं. गोलात वडिलांचा फोटो, लग्नातला असावा, कारण खांद्यावर कुणाचा तरी हात होता. निळी रेघ. खाली पाच चिन्हं, दाबली की त्यांची सोशल मीडियावरची खाती उघडतील अशी. त्यांचं एकही खातं नव्हतं. आणि हुद्द्याच्या जागी चेतनानं तीन टिंबं देऊन लिहिलं होतं: पप्पा, इथे काय घालू? मी तिला फोन केला. ती म्हणाली, "मावशी, शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय म्हणून मी कायम नोकरी एवढंच लिहिलं. पप्पांना विचारलं तर म्हणायचे, गेजचं बघतो. गेजचं बघतो हा हुद्दा असतो का हो?"

संध्याकाळी मी शिवदासभाऊंना घेऊन परेशभाईंकडे गेले. त्यांच्या केबिनमधली अर्धी खोकी बांधून झाली होती. मी सगळं सांगितलं. म्हटलं, दोन ओळींचं पत्र द्या, बास.

परेशभाई खुर्चीतून उठून आले, शिवदासभाऊंच्या पाठीवर हात ठेवला. "अरे, शिवदास म्हणजे घरचा माणूस. घरच्या माणसाला हुद्दा कशाला?"

"पुण्याला हुद्दा लागतो," मी म्हटलं.

"आता मी काय लिहिणार? विकली ना कंपनी. गेल्या महिन्यापासून मला काही लिहायचा अधिकारच नाही, वकिलानं सांगितलंय. शिवदास, तुला पाहिजे ते लिही. माझी ना नाही."

ना नाही! माझ्या डोक्यात तिडीक गेली. घरच्या माणसाला बोलावणं लागत नाही, पगारवाढ मागायची नसते, पत्र द्यायचं नसतं, आणि घर विकलं की सामानाच्या यादीतही त्याचं नाव नसतं. हे मी मनात नाही म्हटलं, तोंडावर म्हटलं. परेशभाईंचा चेहरा पडला. शिवदासभाऊ मला बाहेर घेऊन आले आणि म्हणाले, "म्हाताऱ्या माणसाला असं बोलू नये गं." पण पन्नाशीला टेकलेल्या माणसाला कंत्राटदार किती दिवस ठेवेल, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

गुरुवारी ते दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसले. दोन बोटांनी टाइप करत होते. मी विचारलं नाही. मला वाटलं, जमलं असेल काहीतरी.

शुक्रवारी सकाळी मी ईमेल उघडला, तर शिवदासभाऊंनी रात्री पाठवलेल्या एका ईमेलची प्रत मलाही आली होती.

आमच्या धंद्यात पहिला पीस म्हणून एक प्रकार असतो. नवीन माल करायचा तर आधी एकच नग करायचा. तो गिऱ्हाइकाला पाठवायचा, सोबत तपासणीचा कागद. गिऱ्हाईक मापं घेणार, कागद भरणार, पास की नापास ते लिहून शिक्का मारून परत पाठवणार. तो पास झाला की मगच बाकीचा माल. शिवदासभाऊंच्या हाताखाली पहिल्या पीसशिवाय आजवर काहीही बाहेर गेलेलं नाही. तेव्हा त्यांनी सिग्नेचरचाही पहिला पीस केला होता आणि एकसष्ट गिऱ्हाइकांना पाठवला होता. विषय: पहिला पीस, मंजुरीसाठी. खाली लिहिलं होतं:

'सोबत माझी ईमेल सिग्नेचर नमुन्यादाखल पाठवीत आहे. कृपया तपासून कळवावे. एक, नाव बरोबर आहे का. दोन, मोबाईल बरोबर आहे का. तीन, हुद्दा रिकामा ठेवला आहे, तो आपल्या अनुभवाप्रमाणे भरावा. दोष आढळल्यास नग परत करावा. तसदीबद्दल क्षमस्व.'

"भाऊ!" मी किंचाळले. "वाट लावलीत! हे बाहेर पाठवायचं असतं का?"

ते शांतपणे म्हणाले, "वापरणार कोण? तेच ना? मग तपासणार दुसरं कोण?"

मी डोकं धरून बसले. आणि उत्तरं यायला लागली.

लोकांनी ते मस्करीवारी का नेलं नाही, हे मला आजही कळलेलं नाही. रीतसर कागद भरून, शिक्के मारून परत येत होते. सांगलीकडच्या एका साखर कारखान्यानं पीस नापास केला: क्रमांक दोनमध्ये दोष, मोबाईलचे शेवटचे दोन आकडे उलटे. मी ताडून पाहिलं, खरंच उलटे होते. शिवदासभाऊ खूश झाले. "बघ! म्हणून पहिला पीस पाठवायचा असतो." नोकरी जायची वेळ आली होती आणि हा माणूस दोष सापडला म्हणून खूश!

दुपारी तीनपर्यंत चौतीस उत्तरं आली. हुद्द्याच्या जागी कुणी चीफ इंजिनियर लिहिलं होतं, कुणी क्वालिटी मॅनेजर. सर्व्हिस हेड. टेक्निकल डायरेक्टर. अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यानं 'पार्टनर' लिहिलं होतं. आणि तब्बल सात जणांनी लिहिलं होतं 'मालक'. मथुराबाईंनी कागद भरला नव्हता, त्यांचा वेगळा आवाजी निरोप आला होता, मागे बर्फ फोडल्याचा आवाज. "हुद्दा कसला विचारतो रे? माझा मीटर कोन बघतं? तूच ना? मंग तेच लिव."

शिवदासभाऊंनी सगळे कागद छापून घेतले, तारखेनं लावले आणि पेन्सिलीनं एका कोपऱ्यात बेरीज मांडली. मग माझ्याकडे आले.

"नापास," ते म्हणाले.

"काय नापास?"

"चौतीस कागद, सतरा हुद्दे. मापं एकमेकांशी जुळत नाहीत. असा नग पास करत नाहीत."

"भाऊ, त्यातला एक उचला आणि लिहा ना! चीफ इंजिनियर लिहा!"

"मग ज्यांनी मॅनेजर लिहिलं त्यांचं खोटं?"

"खोटं नाही हो…" ते परत आपल्या टेबलावर गेले आणि एक गेज उचलून टकटक करत बसले. मला त्यांचा राग आला, पुण्याचा आला, आणि सात मालकवाल्यांचा तर फारच आला. एवढं वाटत होतं तर अठ्ठावीस वर्षांत एकानं तरी लिहून द्यायचं होतं.

सव्वातीनला मृणालिनी मॅडमचा फोन. आवाजातला गोडवा आटला होता. कुठल्याशा गिऱ्हाइकानं त्यांच्या वरिष्ठांना फोन करून विचारलं होतं, तायडे कंपनी सोडतायत का, कारण मग आम्हालाही विचार करावा लागेल.

"हे कुणाच्या परवानगीनं झालं?"

मी चौतीसच्या चौतीस उत्तरं त्यांना पाठवून दिली आणि म्हटलं, आधी वाचा. पाच मिनिटांनी त्यांचाच फोन.

"सात जण मालक म्हणतायत."

"हो."

"मग मालकांना काय म्हणतात?"

"परेशभाई."

त्या हसल्या. पहिल्यांदाच. मग म्हणाल्या, "खरं सांगू, माझाही गोंधळ झालाय. यांना पॅकिंगच्या कंत्राटात टाकलं तर वरचे मलाच धरतील, एवढं कळतंय. पण बाहेरच्यांच्या पत्रांवर मी रेकॉर्ड बदलू शकत नाही. माझ्यासमोर तुमच्या वार्षिक रजिस्टरची एकोणीस पानं आहेत. प्रत्येक पानावर तायडे, पॅकर. पुढे त्यांची सही. एकोणीस वर्षं एकच नोंद, एकाच अक्षरात. असं करा, ज्यानं ही नोंद केली त्यानं लेखी द्यावं, की नोंद चुकीची होती आणि हा माणूस प्रत्यक्षात अमुक काम करत होता. पाचची मुदत मी अर्धा तास पुढे नेते, साडेपाचपर्यंत आलं तर मी स्वतः नाव यादीत घालते. शब्द देते. कोण आहे ती व्यक्ती? अक्षर सुंदर आहे हो. वर लिहिलंय, तयार करणार, के. घाडीगावकर."

माझ्या हातातला फोन गरम झाल्यासारखा वाटला.

दर जानेवारीत ते रजिस्टर मी भरते. पहिल्या वर्षी माझ्या आधीच्या बाईंचं पान समोर ठेवून भरलं. दुसऱ्या वर्षी माझं पहिल्या वर्षीचं पान समोर ठेवून. नाव, वय एकानं वाढवायचं, हुद्दा मागचाच. दुपारभराचं काम, गाणी ऐकत करायचं. अक्षराचं मात्र मला फार कौतुक. गाढव कोण ते भेटू दे, म्हणाले होते ना मी? भेटला.

मी उठले आणि त्यांच्या टेबलापाशी गेले.

"भाऊ, ते पॅकर मी लिहिलंय. दर वर्षी. मीच."

"माहीत आहे," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"पहिल्या वर्षापासून. सही करताना वाचायचो की."

"मग बोलला का नाहीत? एक शब्द टाकायचा होता! मी तिथल्या तिथे खोडलं असतं."

त्यांनी हातातलं गेज जपून फडक्यावर ठेवलं.

"पहिल्या वर्षी वाटलं, नवीन आहे, कळेल हिला. मग दुसऱ्या वर्षीही तेच. तिसऱ्या वर्षी मी ठरवून आलो होतो, आज बोलायचं. पण तू इथेच बसतेस. मी काय करतो ते दिवसभर तुला दिसतं. तरी तू तेच लिहितेस. तेव्हा वाटलं, हिला बरोबरच माहीत असणार. माझंच काहीतरी चुकत असेल."

मला रडू फुटलं. गळा भरून आला वगैरे नाही, सरळ रडू फुटलं, लवू आणि पॅकिंगच्या दोन पोरी बघत असताना. कारण ते खरं होतं. मला दिसत होतं आणि मला माहीत नव्हतं. मंगळवारपासून मी पुण्यावर ओरडत होते, परेशभाईंवर ओरडत होते, त्या म्हाताऱ्याला तोंडावर बोलून आले होते. शिवदासभाऊ घाबरले. त्यांनी मला पाणी दिलं, तेही गेज पुसायच्या फडक्यानं पेला पुसून.

"रडतेस काय? साडेपाचला पाठवायचंय ना काहीतरी?"

मी स्टूल ओढलं, वही घेतली. "सांगा. सकाळी आल्यापासून. काय करता ते सगळं."

ते सांगत गेले. आल्याबरोबर मशीन तासभर चालू ठेवतात, गरम झाल्याशिवाय ते खरं बोलत नाही म्हणून. बाहेरून तपासून आलेलं मुख्य गेज कपाटात कुलपात असतं, त्याच्याशी बाकीची ताडून बघतात. कुठल्या गिऱ्हाइकाचा काटा किती महिन्यांत सरकतो याच्या त्यांच्या स्वतःच्या अठरा वह्या आहेत. एका औषध कारखान्याला त्यांनी एकदा रविवारी फोन करून बॉयलर बंद करायला लावला होता, कारण आदल्या दिवशी आलेल्या गेजचा काटा त्यांना आवडला नव्हता. बॉयलर उघडला तर आतून तडा. हे मला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. "सांगायचं काय त्यात?" ते म्हणाले. मध्येच त्यांनी मला थांबवून विचारलं, "पंप लिहिलास का?"

मी लिहिलं होतं. दुसऱ्या ओळीत काय घालायचं हे त्या वहीतूनच निघालं: कॅलिब्रेशन इन-चार्ज. म्हणजे गेज खरं बोलतं की नाही याची जबाबदारी ज्याची, तो. शिवदासभाऊंनी ते दोनदा वाचलं आणि "चालेल बहुतेक" म्हणाले. अजूनही खात्री नव्हतीच त्यांची.

यादीचं काय झालं ते इथेच सांगून टाकते, म्हणजे जीव टांगणीला नको. मृणालिनी मॅडमनी शब्द पाळला. सोमवारी यादी आली, तिच्यात सातव्या क्रमांकावर शिवदास सखाराम तायडे होते, त्याच हुद्द्यानं. लवूनं पेढे आणले. पण मला त्या सोमवारचं फारसं काही आठवत नाही. मला आठवतं ते शुक्रवारचं पत्र.

ते मी मराठीतच लिहिलं. इंग्रजीत मला खोटं बोलायला सोपं जातं. लिहिलं की मी, किरण मनोहर घाडीगावकर, गेली एकोणीस वर्षं वार्षिक रजिस्टरात चुकीची नोंद करत आले. ती कुणी सांगितली म्हणून नाही, न बघता मागचं पान उतरवलं म्हणून. मग त्यांच्या कामांची दोन पानं. आणि शेवटी: हा माणूस माझ्यापासून सहा फुटांवर बसून हे सगळं करत होता आणि मी मान वर न करता त्याला पॅकर लिहीत होते.

पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. पत्र त्यांना वाचायला दिलं. तपासणीचं सर्टिफिकेट वाचतात तसं त्यांनी ते ओळीवर पेन्सिल ठेवून वाचलं. शेवटच्या वाक्यावर पेन्सिल थांबली.

"हे चुकलंय," ते म्हणाले.

मला वाटलं, आता म्हणतील, एवढं कडक नको, मान वर न करता हे काढून टाक. तसा स्वभावच आहे त्यांचा. मी म्हटलं, "राहू दे भाऊ, आहे ते तसंच जाऊ दे."

पण ते उठले. खणातून मोजपट्टी काढली. एक टोक त्यांनी माझ्या खुर्चीच्या पाठीला लावून मला धरायला दिलं आणि पट्टी ओढत आपल्या स्टुलापर्यंत गेले. वाकून, चष्मा कपाळावर सरकवून आकडा वाचला.

"साडेचार."

"काय साडेचार?"

"सहा नाही, साडेचार फूट आहे. लेखी देतेयस ना? मग बरोबर दे."

मी सहाचे साडेचार केले आणि पत्र पुण्याला पाठवलं.